सालई डिंक: एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

२८ ऑक्टोबर: झाडांची निवड

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा मुरमाड पट्टा. सालई म्हणजे धुपाचा सुगंधी डिंक देणारे झाड. तिच्यासोबत धावडा, मोई, कांडोळ, पळस. आज निवडीचे निकष पक्के केले आणि चुन्याच्या खुणा सुरू झाल्या.

छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १३७ सेंमीवर, घेर किमान ९० सेंमी हवा. त्याखालचे झाड कितीही रसरशीत दिसले तरी सोडायचे. कोवळ्या झाडातून डिंक निघतो हे खरे, पण ते झाड पुढे वाढीसाठी धडपडत राहते. पोकळ खोड, वाळलेला शेंडा किंवा जुन्या कुऱ्हाडीची न बुजलेली जखम असेल तर तेही बाद.

घाईत मोई आणि सालईची गल्लत होते. दोघांची पाने संयुक्त, फांदीच्या टोकाला दाटलेली. फरक पर्णिकेच्या कडेत आहे: सालईची कड दातेरी, मोईची सरळ. शिवाय सालईची साल राखाडी-हिरवट असून तिचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटतात, आणि नखाने जरा खरवडली तरी वास येतो. मोईच्या डिंकाला सुगंध नाही. कांडोळ ओळखायला सोपा. खोड पांढरे गुळगुळीत आणि पाने हाताच्या पंज्यासारखी फाटलेली. त्याचा डिंक, म्हणजे बाजारातला कढई डिंक, पाण्यात नुसता फुगतो. त्यालाही सुगंध नाही.

प्रत्येक घोळक्यातली दोन-तीन उत्तम झाडे बियाण्यासाठी राखायची, त्यांना खूण लाल. सालईच्या फुलात स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. म्हणून बियाण्याचे झाड एकटे राखून उपयोग नाही, जवळपास जोडीदार हवाच.

ग्रामसभेचा ठराव आणि सामूहिक वनहक्काच्या नकाशाची प्रत खुणा करणाऱ्या गटाकडे दिली. अभयारण्याच्या हद्दीतल्या झाडांना हात लावायचा नाही. तिथे दगडी बुरुजाच्या अलीकडेच थांबायचे.

५ नोव्हेंबर: हत्यारे

कुऱ्हाड पूर्ण बंद. तिचा घाव लाकडापर्यंत जातो आणि कड चेचली जाते. लोहाराकडून रुंद पात्याच्या रापीसारखी हत्यारे करून घेतली आहेत: पाते ५ सेंमी, धार एकाच बाजूने, मूठ बाभळीची. धार इतकी हवी की सालीची चकती सोलून यावी, तुटून येऊ नये.

सोबत लागणारे सामान: खरवडायला बोथट सुरी, दोन डबे (एक स्वच्छ मालाला, एक सालमिश्रित मालाला), हाताला आणि पात्याला लावायला थोडे खोबरेल, पुसायला फडके. रॉकेलने पाते पुसायचे नाही. डिंकात त्याचा वास बसतो आणि मग काही केल्या जात नाही.

१० नोव्हेंबर: पहिल्या खाचा

मध्य भारतातली जुनी पद्धत जमिनीपासून १५ सेंमीवर २० सेंमी रुंद, ३० सेंमी उंच पट्टा एकदम सोलण्याची. ओमानच्या धोफार भागात सालईचेच भावंड, बॉस्वेलिया साक्रा, आहे. तिथे खोडावर जागोजागी लहान खरवड करतात आणि हंगामभर तीच थोडी थोडी वाढवतात. आपण खाच जुन्या पद्धतीच्याच जागी, पण आकार लहान ठेवत आहोत.

सुरुवात १० सेंमी रुंद आणि ५ सेंमी उंच. घेर ९० ते १२० सेंमी असेल तर एकच खाच, १५० पर्यंत दोन, त्यापुढे कितीही मोठे झाड असले तरी तीन. दोन खाचांमध्ये २५ सेंमीहून कमी अंतर नको. कारण साधे आहे. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळाकडे उतरते. सालीचे कडे सलग सोलले गेले तर मुळे उपाशी राहतात, आणि झाड दोन-तीन वर्षांत उभ्याउभ्या वाळते.

खोलीबद्दल आज सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. डिंकाच्या नलिका आतल्या सालीत असतात, लाकडात नाहीत. म्हणून खोल गेल्याने माल वाढत नाही. आधी बारीक खिळा टोचून सालीची जाडी पाहायची आणि तिच्या निम्म्यापर्यंतच पाते न्यायचे. खाचेचा रंग गुलाबीसर असेपर्यंत ठीक. पांढरे लाकूड दिसले की वाढीचा थर कापला गेला असे समजायचे. अशी खाच तिथेच सोडून द्यायची, त्या वर्षी ती पुन्हा ताजी करायची नाही. जिथे लाकूड उघडे पडते तिथे साल दोन्ही बाजूंनी सरकत येऊन जखम बुजायला वर्षे लागतात आणि दरम्यान भुंगेरे व बुरशी आत शिरतात.

खाच शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेच्या उन्हात पाझर लवकर कडक होतो आणि तोंड बंद होते.

१४ नोव्हेंबर

पहिला पाझर दुधी पांढरा, बारीक थेंबांत. हा माल वेगळ्या डब्यात. त्यात सालीचा भुगा असतो, वासही कमी. धोफारातही पहिल्या खरवडीचा माल हलका मानतात. खरा माल दुसऱ्या-तिसऱ्या ताज्या खाचेनंतर येतो.

२५ नोव्हेंबर: खाच ताजी करणे

अंतर ५ ते ७ दिवस. वाळलेला पाझर बोथट सुरीने उचलायचा आणि मग खाचेच्या वरच्या कडेची ३ ते ४ मिमी साल पातळ सोलायची. खालची कड आणि बाजू तशाच राहू द्यायच्या. या गतीने जूनपर्यंत खाचेची एकूण उंची २० सेंमीच्या आत राहते.

रोज सोलून जास्त मिळेल असे वाटते, पण तसे होत नाही. झाड जखम बुजवण्यासाठीच पाझरते. पाझर घट्ट होऊन कड सुकायला वेळ मिळाला नाही तर पुढचा थेंब पातळ येतो, ओघळून मातीत जातो आणि हाती चिकट, मातकट थर उरतो. उलट १५ दिवस सोडले तर नलिकांची तोंडे कडक होतात आणि जास्त साल सोलावी लागते.

२० डिसेंबर

थंडी वाढली, पाझर मंदावला. घाबरून खाच रुंद करायची नाही. या आठवड्यांत अंतर १० दिवसांवर नेले तरी चालते. उष्णता वाढली की ओघ परत येतो. मार्च ते मे हा खरा भराचा काळ.

८ जानेवारी: माल मळतो कुठे

आणलेला माल पसरून पाहिला. मळ चार वाटांनी येतो: सालीचे पापुद्रे, माती, मुंग्या आणि वाळकी पाने. पापुद्र्यांवर उपाय खाच मारतानाच आहे. खाचेभोवतीची एक वीतभर सुटी साल आधी हाताने काढून फडक्याने पुसायची. ओघळ मातीत जाऊ नये म्हणून खाचेखाली पळसाच्या पानाचा द्रोण बाभळीच्या काट्याने सुट्या सालीत अडकवायचा. खिळा ठोकायचा नाही. लोखंडाने डिंक काळवंडतो, आणि नवी जखम होते ती वेगळीच. प्लॅस्टिकची पिशवी उन्हात तापते, माल तिला चिकटतो आणि काढताना तिचे तुकडे डिंकात येतात. पळसाचे पान वाळले की डिंकापासून सहज सुटते.

१८ जानेवारी: टोपलीत निथळणे

ताजा माल घट्ट मधासारखा असतो. तो तसाच डब्यात दाबून ठेवला तर गोळा आतून ओला राहतो, बुरशी धरतो आणि आंबूस वास येतो. म्हणून विरळ विणीच्या बांबूच्या टोपलीत भरून, खाली घमेले ठेवून, सावलीत सुमारे महिनाभर निथळायला ठेवला. खाली जो पातळ भाग उतरतो त्याला रस म्हणतात. टोपलीत राहतो तो डिंक.

रस फेकायचा नाही. बाष्पशील तेलाचा मोठा वाटा त्यात असतो, ऊर्ध्वपातनाला तो कामी येईल. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून चुलीपासून लांब ठेवला. तो चटकन पेट घेतो.

टोपलीत थर एक वीत जाडीपेक्षा जास्त नको. आठवड्यातून एकदा हात तेलाने माखून थर उलटायचा. ऊन दाखवायचे नाही: उन्हात वरचा थर काचेसारखा कडक होतो, आतला रस अडकतो आणि सुगंध उडतो.

१६ फेब्रुवारी: मावठा

रात्री पाऊस. पाण्याने ओला झालेला पाझर पांढराफटक, दुधट झाला आहे. सालईच्या डिंकात तीन गोष्टी एकत्र असतात: अल्कोहोलमध्ये विरघळणारी राळ (निम्म्याहून अधिक), पाण्यात विरघळणारा गोंद (साधारण पाचवा हिस्सा) आणि ५ ते ९ टक्के तेल. गोंद पाणी धरतो म्हणून दुधटपणा येतो. हा माल वाया गेलेला नाही, पण वेगळा वाळवायचा आणि खालच्या प्रतीत घालायचा. कोरड्या मालात मिसळला तर सगळ्या टोपलीला बुरशी लागेल.

भिजलेल्या खाचा साल पूर्ण सुकेपर्यंत ताज्या करायच्या नाहीत.

४ मार्च: जाळरेषा

सालई पानगळीत उघडी पडली आहे, खाली धावड्या-सागाचा पाचोळा. एरवी मोठी सालई साध्या वणव्यातून तगते. खाच मारलेली तगत नाही, कारण डिंक पेटतो आणि आग थेट जखमेत शिरते. प्रत्येक खुणेच्या झाडाभोवती २ मीटर पाचोळा झाडून काढला, खोडावर ओघळलेला डिंक खरवडला. मोहफुले वेचण्यासाठी पाचोळा जाळण्याची सवय या दिवसांत सुरू होते. त्यासाठी मोहाखाली झाडणी करून जुनी लुगडी अंथरायची, असे दोन्ही पाड्यांनी मान्य केले. हे पाळले गेले नाही तर बाकीच्या काळजीला अर्थ उरत नाही.

१२ मार्च: फोडणे आणि प्रतवारी

निथळलेला डिंक पहाटेच्या गारव्यात फोडायचा. दुपारी तो मऊ होऊन मोगरीलाच चिकटतो. लाकडी पाट आणि लाकडी मोगरी. फोडताना साल हाताने वेचली.

चिकटपणा मोडण्यासाठी व्यापारात शंखजिऱ्याची पूड मिसळण्याची चाल आहे. तुकडे सुटे होतात हे खरे, पण वजनही वाढते, आणि औषधासाठी घेणारा हा माल परत पाठवतो. आपण ती वापरत नाही. तुकडे चिकटत असतील तर निथळणे अपुरे राहिले एवढाच त्याचा अर्थ. परत टोपलीत टाका.

प्रती चार केल्या. पहिली: सोनेरी-पिवळे, उजेडात अर्धपारदर्शक, सालविरहित खडे. दुसरी: पिवळसर तपकिरी, क्वचित सालीचा कण. तिसरी: तपकिरी, लहान तुकडे आणि पाऊस लागलेला माल. चौथी: ६ मिमीच्या चाळणीखाली पडलेला चुरा आणि साल चिकटलेले गोळे. रंग वयानेही गडद होतो, म्हणून नुसत्या रंगावर प्रत ठरवायची नाही. फोडलेल्या कडेचा ताजा रंग आणि वास पाहायचा.

साठवण: कापडी पिशवी, ती पत्र्याच्या डब्यात, डबा जमिनीपासून उंच. गोणीवर गोणी रचली की खालचा माल उन्हाळ्यात वितळून एकच ढेप होते.

३ एप्रिल: ओळखीच्या कसोट्या

बाजारात धूप, ऊद, लोबान, राळ, गुग्गुळ ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास चालतात. खरेदीदाराने शंका काढली तर समोर करून दाखवायच्या कसोट्या:

पाणी. १ ग्रॅम पूड १० मिली कोमट पाण्यात घोटायची. सालई असेल तर दुधट होते. सालाच्या झाडाची राळ किंवा चिडाचा (पाइनचा) चीक, म्हणजे बेरजा, पाण्याला दाद देत नाही, पूड तशीच तळाला किंवा वर. धावड्याचा डिंक जवळजवळ स्वच्छ विरघळतो. कढई फुगून लापशी होते. गुग्गुळही दुधट होतो, म्हणून ही कसोटी एकटी पुरत नाही.

स्पिरिट. तेवढीच पूड स्पिरिटमध्ये हलवून ठेवायची. राळेचा भाग विरघळतो, गोंद पांढरट साक्यासारखा तळाला. हा साका पाण्यात विरघळायला हवा. जो भाग पाण्यात नाही आणि स्पिरिटमध्येही नाही तो शंखजिरे, माती किंवा साल.

धूर. निखाऱ्यावर राख पसरून त्यावर एक खडा. सालईचा धूर पांढरा, वास लिंबू आणि चिडाच्या मधला, शेवटी किंचित गोडसर. बेरजा काळी काजळी धरतो आणि टर्पेंटाइनचा उग्र वास सोडतो. लोबानाला व्हॅनिलाची झाक असते आणि त्याच्या वाफेने घशात खवखव होते, ती बेंझोइक आम्लाची. गुग्गुळाचा वास जड, मातकट, कडवट.

२२ एप्रिल: धूप कांडी

या डिंकाचा जुना घरगुती वापर धुपाचाच: देवघरात, तिन्हीसांजेला गोठ्यात, पावसाळ्यात डासांसाठी, आणि बाळ-बाळंतिणीच्या धुरीत ओवा, वावडिंग, बाळंतशेपांबरोबर. धुरीबद्दल स्पष्ट लिहून ठेवतो: बंद खोलीत नवजात बाळाला धूर देऊ नये, तो फुप्फुसांना त्रासदायक आहे. खोलीला आधी धुरी द्यावी, दारे-खिडक्या उघडून धूर जाऊ द्यावा आणि मगच बाळाला आत आणावे.

१०० ग्रॅम मिश्रण: सालई (तिसरी प्रत) ३५, नागरमोथा १५, मैदालकडी १५, वाळा १०, राळ १०, गोवरीची पूड १०, गवला कचोरी ५.

सालई एकटी कुटायची नाही. मिक्सरच्या उष्णतेने ती पात्याला लेपासारखी बसते. पहाटे खलबत्त्यात वाळलेल्या नागरमोथ्याबरोबर कुटली की मोथा चिकटपणा शोषतो. सगळे वस्त्रगाळ नको, रव्याइतके बारीक पुरे. मैदालकडी मात्र अगदी बारीक हवी, बांधणी तीच करते. पाणी चमच्याचमच्याने, पुरीच्या कणकेइतके घट्ट होईपर्यंत. तासभर झाकून ठेवल्यावर कांड्या वळायच्या. जाडी पेन्सिलीइतकी, त्यापेक्षा जाड कांडी मधेच विझते. वाळवणे सावलीतच, रोज अर्धा वेढा फिरवत.

बिघडते ते असे. उन्हात वाळवली तर वरची कात आधी सुकते आणि भेगा पडतात. सालई व राळ मिळून निम्म्यापेक्षा जास्त झाली तर कांडी जळण्याऐवजी वितळते, थेंब गळतो, काळा धूर येतो. विझत असेल तर डिंक कमी करून गोवरीची पूड ५ ग्रॅमने वाढवा. वास जळका येत असेल तर मैदालकडी जास्त झाली आहे.

सुटा खडा थेट लाल निखाऱ्यावर टाकणे ही सगळ्यांची सवय, पण त्यात सुगंध क्षणात करपतो. निखाऱ्यावर बोटभर राख पसरली की तोच खडा हळू सुटतो आणि बराच वेळ दरवळतो.

९ मे: तेल काढणे

छोटे स्टीलचे भांडे, आत पाण्याच्या पातळीच्या वर सच्छिद्र जाळी. डिंक जाळीवर, वाटाण्याएवढे तुकडे, मध्ये तांदळाचे तूस मिसळून, म्हणजे वाफेला वाट राहते. डिंक थेट पाण्यात टाकला तर तळाला चिकटून करपतो आणि तेलाला धुरकट वास लागतो. गोंदामुळे फेसही येतो, म्हणून भांडे निम्म्यापर्यंतच भरायचे. वाफ ४ ते ६ तास. सुरुवातीचे तेल पटकन येते, उरलेले रेंगाळत. तेल पाण्यावर तरंगते, वरून अलगद काढायचे. पुस्तकी प्रमाण किलोला ५० ते ९० ग्रॅम. जुन्या, कोरड्या मालाला त्याहून कमी, कारण तेल आधीच उडालेले असते. गडद काचेच्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत ठेवायचे. हवा राहिली तर काही महिन्यांत वास तिखट होतो.

लेबलाबद्दल: या तेलावर सांधेदुखीचा दावा छापायचा नाही. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सिंग आणि अटल यांनी १९८६ मध्ये सालई गुग्गुळाच्या, म्हणजे याच डिंकाच्या, अर्काचा सूज उतरवणारा गुण प्राण्यांवर तपासला. पुढे १९९० च्या दशकात जर्मनीत अमोन यांच्या गटाने दाखवले की त्यातली बॉस्वेलिक आम्ले ५-लिपॉक्सिजिनेज हे दाहाशी संबंधित विकर (एन्झाइम) रोखतात. ही आम्ले वाफेबरोबर उडत नाहीत. ती तेलात येत नाहीत, जाळीवरच्या चोथ्यात राहतात. म्हणून चोथा वाळवून अर्क काढणाऱ्यांना दाखवायचा. निदान धूपकांडीत तरी जाईलच.

गावात दुखऱ्या गुडघ्यावर डिंक कोमट पाण्यात उगाळून लेप लावतात. त्वचा लाल झाली तर लगेच धुवावा. कच्चा डिंक पोटात घेण्याचा सल्ला आपल्या कोणत्याही पाकिटावर नसेल. गर्भवतींसाठी तर नाहीच.

सालीची मागणीही आली होती. चरकसंहितेत पुरीषविरजनीय (मळाचा रंग पूर्ववत करणाऱ्या) गणात शल्लकीची, म्हणजे सालईची, सालच घेतली आहे, तेव्हा मागणी निराधार नाही. पण साल सोलणे म्हणजे डिंकाचे झाड गमावणे. नकार कळवला.

३० मे: खाचा बंद

आजपासून एकही खाच ताजी करायची नाही. पावसाळ्याच्या आत कडा कोरड्या व्हायला हव्यात. खाचेतला शेवटचा डिंक खरवडायचा नाही, तोच जखमेचे झाकण. माती-शेणाचा लेप देऊ नये, तो ओल धरतो. या झाडांना पुढची तीन वर्षे विश्रांती. तेवढ्यासाठीच पट्ट्याचे चार भाग पाडले आहेत.

६ जून: रोपे आणि पोळ

फळे तिधारी. तीन कप्पे उकलायच्या आत, हिरवा रंग पिवळसर होताना तोडली. उकलल्यावर बी वाऱ्याने जाते. बियाण्याची उगवण मुळात कमी आणि जिवंतपणाही थोडे दिवस, त्यामुळे साठवायचे नाही, लगेच वाफ्यात.

भरवसा फांदीच्या पोळावर, म्हणजे जमिनीत रोवायच्या जाड तुकड्यावर, जास्त. मनगटापेक्षा जाड, १ ते सव्वा मीटर लांब. खालचे टोक तिरके कापून काही दिवस सावलीत उभे ठेवले, कापाचा ओलावा सुकला की ४५ सेंमी खोल पुरले. ठोकून बसवायचे नाही, आधी पहारीने खड्डा, नाहीतर टोकाची साल सुटते आणि तिथूनच कुज सुरू होते. वरच्या टोकाला शेण-मातीचा गोळा. इथे तो चालतो, कारण पोळाचे टोक सुकू द्यायचे नसते. काळ्या जमिनीत पोळ सडतात. मुरूम आणि उतार हवा.

जुन्या नोंदींत या टापूतली सालई मुख्यतः लाकडासाठी दिसते. पेट्यांना, आणि मध्य प्रदेशातल्या नेपानगरच्या वृत्तपत्र कागद कारखान्यालाही. तेव्हा मोठी झाडे गेली, खाली रोपे कमीच राहिली. त्यामुळे पोळ कुठे लावायचे हे जागेच्या सोयीने न ठरवता जिथे दोन बियाण्याच्या झाडांमध्ये मोठी मोकळीक आहे तिथे लावत आहोत.

१९ जुलै

पोळांना पालवी आली आहे. पालवी म्हणजे मुळे नव्हेत: साठलेल्या अन्नावरही कोंब फुटतात आणि ऑक्टोबरात सुकतात. उपटून पाहायचे नाही. दिवाळीनंतर जे हिरवे राहतील तेच मोजायचे.

खाचांच्या कडांना गुलाबी साल सरकू लागली आहे. जिथे लाकूड उघडे पडले होते तिथे मात्र काहीच हालचाल नाही आणि दोन ठिकाणी भुंगेऱ्यांचा भुसा दिसला. ती झाडे विश्रांतीच्या यादीतून काढून कायमची राखीव केली, खूण लाल.